जिथं लोखंड गळत होतं

माझं गाव किल्लारी. लातूर जिल्ह्यातलं. पायाखाली सगळा काळा पाषाण, त्यामुळे खाण, खनिज, लोहभट्टी यांतलं काही लहानपणी कानावरही आलं नव्हतं. पुढे कामानिमित्त विदर्भात गेलो आणि जुन्या लोहभट्ट्यांच्या खुणा नोंदवण्याच्या कामात कायमचा अडकलो. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठावर पडलेली धातुमळी, म्हणजे भट्टीतून निघून थिजलेला कचरा, शोधायची, नकाशावर टाकायची आणि ती जागची हलू नये म्हणून गावाशी बोलायचं, हे आमचं काम. त्यात जे पटत गेलं ते या कामात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितो आहे.

१. आधी खडक वाचा.

१९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर निव्वळ बेसॉल्ट, त्याखाली ८ मीटरचा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडकाचा पाया. आमच्या गावात लोखंड का गाळलं गेलं नाही, याचं उत्तर त्या छिद्रात मिळतं. तसाच जुना पाया नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूर-किनवटकडे उघडा पडतो आणि पुढे पूर्व विदर्भात लोहखनिज, मँगनीज घेऊन वर येतो. भट्टी शोधायला निघण्याआधी भूगर्भाचा नकाशा पुढ्यात हवा, तो यासाठी.

बेसॉल्टच्या मुलखाला एक मोठा अपवाद आहे, जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरच्या आसपास धावड लोक जांभ्यातल्या खनिजापासून लोखंड गाळत. जंगलावर निर्बंध आले, कोळसा मिळेनासा झाला, विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. त्या रानात आज हिंडणाऱ्या माणसाला हा सगळा उद्योग ठाऊकही नसतो.

२. मळी आणि खंगर यांत गल्लत करू नका.

मराठवाड्यातल्या माणसाला वीटभट्टीचं खंगर चांगलं माहीत असतं. जळून काचेसारखं झालेलं, वेडंवाकडं. फोडलं की आतून भाजक्या मातीचा लाल रंग दिसतो आणि हाताला ते हलकं लागतं. लोखंडाची मळी उचलताच वजन जाणवतं, कारण जुन्या भट्टीत खनिजातलं बरंचसं लोखंड मळीतच वाहून जाई. रंग काळा-करडा. भट्टीच्या तोंडातून वाहून बाहेर थिजलेल्या तुकड्याच्या पाठीवर एकावर एक चढलेल्या सुरकुत्या असतात आणि पोटाला तिथली वाळू कायमची चिकटलेली असते. भट्टीतच थिजलेला तुकडा ओबडधोबड. त्यात कधी कोळशाचा ठसा सापडतो, अगदी लाकडाच्या रेषांसकट. कोळशाचा खराच कण अडकलेला असेल तर कार्बन पद्धतीने काळ काढता येतो आणि कोणतं झाड जाळलं तेही कळतं. असा तुकडा मी धुवत नाही, खरवडत नाही, जसा आहे तसा अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळतो.

आणखी एक पक्की खूण म्हणजे भात्याची मातीची नळी. भट्टीत शिरणारं तिचं टोक वितळून काळं, चकचकीत झालेलं असतं आणि मागचा भाग साध्या भाजक्या मातीचा राहतो. बोटाएवढा तुकडा मिळाला तरी इथं भाता चालत होता असं म्हणता येतं.

३. अवशेष लहान असतो, त्याने हिरमुसू नका.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड आहे. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथं उत्खनन केलं. महापाषाणयुगीन लोकांची ती वस्ती. तिथं लोखंड गाळायची भट्टी मिळाली आणि डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास केला. काळ सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा. भट्टी गोल, वळणदार विटांची आणि इतकी लहान की कारखाना म्हटल्यावर आपल्या मनात जे येतं त्याच्याशी तिचं काही नातं लागत नाही.

पण तिच्यात काय चालायचं ते पाहा. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात. लोणारी कोळसा आणि हातभात्यावर तेवढी उष्णता साधत नसे. १,२०० अंशांच्या आसपास मळी वितळून खाली उतरे आणि लोखंड न वितळता सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मागे राही. तो गोळा तापवून, ठोकून त्यातली उरलेली मळी बाहेर काढावी लागे. कोळसा किती घालायचा, भाता कधी जोरात आणि कधी सबुरीने मारायचा, हे सगळं ज्वाळेच्या रंगावरून ओळखायचं. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांच्या शिळावर्तुळांतून निघालेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगाम अशाच कारागिरांच्या हातचे. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि तो असल्याशिवाय हे काम करता येत नाही.

४. भट्टीकडे पाठ करून उभे राहा.

खनिज थेट भट्टीत जात नाही. ते निवडायचं, भाजून ठिसूळ करायचं, फोडायचं, चाळायचं. त्याच्या खुणा भट्टीपासून काही पावलांवर असतात: लालसर झालेली जमीन, खनिजाच्या बारीक चुऱ्याचा थर, मधोमध खळगा पडलेले दगड. आपल्याकडच्या उत्खननांत याकडे फार कमी लक्ष गेलं, असं माझं मत आहे. सगळे भट्टीभोवती गोळा होतात. पण सगळ्यांत जास्त माणसं राबली असणार ती या बाजूच्या जागेवर.

लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीवरून फिरवा. पापुद्र्यासारखे पातळ, चमकदार कण चिकटले तर तिथं ऐरणीवर तापलं लोखंड ठोकलं जात होतं. लोखंड गाळायची जागा वेगळी आणि घडवायची वेगळी, हे या कणांवरून ठरतं.

५. उचलू नका.

फोटो काढा, जागा नोंदवा, तुकडा तिथंच ठेवा. विनापरवाना खणणं तर बेकायदाच आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या म्हणून सातवाहनकालीन तगर, म्हणजे जुनं तेर, आपल्याला संग्रहालयात पाहता येतं. ते कार्य थोरच. पण मणी किंवा मूर्ती कपाटातही बोलते, मळीचा सुटा तुकडा फार थोडं सांगतो. मळीचा अर्थ ढिगाऱ्याच्या आकारात, उतारात आणि थरात असतो.

६. शत्रू ओळखा: मुरूम.

चोरांना मळीत रस नाही. ती जाते रस्त्यात. मुरमासारखी कडक, पाणी न धरणारी, फुकट मिळणारी भर म्हणून तिला जेसीबी लागतो आणि हजारो वर्षांचा ढीग बघता बघता शेतरस्त्याखाली जातो. १९५८च्या पुरातत्त्व कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुने अवशेष बसतात, पण अधिसूचना निघाल्याशिवाय जागेला संरक्षण मिळत नाही आणि मळीच्या ढिगासाठी अधिसूचना काढायला सहसा कुणी धावत नाही. देवळाचा खांब पडला तर बातमी होते. हा भेद मला मान्य नाही.

७. झाकणं हेही जतनच.

उघडी पडलेली भट्टी पहिल्या पावसाळ्यातच खचू लागते. भाजकी माती पाणी पिते, उन्हात तडकते, क्षार वर येऊन पापुद्रे सुटतात. सिमेंटने लिंपणं सर्वांत वाईट, त्यातले क्षार मातीत उतरतात. मोजमाप, रेखाटन, फोटो झाले की जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरून वर चाळलेली वाळू आणि माती घालावी. गावकऱ्यांना वाईट वाटतं, पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही. त्यांच्यासाठी शेजारी मातीची प्रतिकृती उभारावी. मुलांना ती पेटवूनही दाखवता येते.

८. माणसांचं बोलणं त्याच दिवशी लिहून घ्या.

हे मला किल्लारीने शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गाव कोसळलं तेव्हा मी शाळेत शिकत होतो. गाव नव्या जागी गेलं. जुन्या गावठाणातले दगड, तुळया, खण लोकांनी गरजेपोटी नेले आणि ते रास्तच होतं. मागे राहिलेल्या उंचवट्यांवर बोट ठेवून म्हातारी माणसं सांगत, इथं लोहाराची शाळ होती, इथं माळवदावर आम्ही निजायचो. ती माणसं एकेक करून गेली आणि ते उंचवटे नुसते उंचवटे झाले.

लोकांत मिसळायची ही गरज उदयपूरजवळ झावरच्या जुन्या जस्तभट्ट्यांपाशी वेगळ्या रीतीने दिसते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते. मातीच्या मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली थंड करून धरायची युक्ती तिथल्या कारागिरांनी शोधली. १९८३मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांच्या उत्खननात एकेका भट्टीत ३६ मुशींची रचना उजेडात आली. वापरून झालेल्या मुशी तिथल्या लोकांनी घरांच्या भिंतींत बसवल्या. अशा भिंतीसुद्धा नोंदवायच्या असतात, आणि त्यासाठी घरात जाऊन बसावं लागतं.

त्यामुळे सर्वेक्षणाला गेलो की मी आधी पारावर बसतो. गावात लोहार कोण, भाता कुणाच्या घरी होता, नांगराला काळे जड दगड कुठं लागतात, पूर्वी कोळसा कोण पाडायचं, हे विचारतो. मग ढिगाच्या चारी बाजू मोजून कच्चा नकाशा काढतो, गट क्रमांक घालतो आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत देतो. रस्त्याचं काम निघालं तर मुरूम कुठून उचलायचा नाही, हे सांगायला तेवढा कागद गावाच्या हातात असतो.