सबमिशन : कारखान्याचं आणि कायद्याचं

'सबमिशन' म्हटलं की हॉस्टेलचे दिवे रात्रभर चालू! पण मित्रांनो, उद्या आपण ज्या कारखान्यात नोकरी करणार, त्यालाही दरवर्षी सबमिशन असतं, आणि तिथली व्हायव्हा कायदा घेतो.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधला नियम १४ पाहा. प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या उद्योगाने ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. पाणी किती वापरलं, कोणतं प्रदूषक किती बाहेर सोडलं, घातक कचरा किती निघाला, हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरता येतं.

पण स्क्रीनवर भरलेल्या फॉर्मला कायद्यात किंमत कशी येते? त्याचं उत्तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये आहे. मी कॉन्व्हेंटवाली, कायद्याचं मराठी वाचताना माझी दमछाक होते. म्हणून साध्या भाषेत सांगते.

कलम ४ : कायद्याने 'लेखी' मागितलं असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंद चालते. अट एकच, ती नंतरही उघडून पाहता आली पाहिजे.

कलम ६ आणि ९ : सरकारने ठरवलेल्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फॉर्म देता येतो. पण 'माझा ईमेलच घ्या' असा हट्ट धरण्याचा हक्क कोणाला नाही.

कलम १३ : कार्यालयाने नेमून दिलेल्या यंत्रणेत नोंद शिरली, की ती मिळाली असं धरतात. भलत्याच पत्त्यावर पाठवली, तर तिथून कार्यालय ती काढून घेईल तेव्हाच ती 'मिळाली'. म्हणजे शेवटच्या रात्री चुकीच्या ईमेलवर पाठवून हात झटकता येणार नाहीत.

कलम ७ : नोंद जपायची तर ती कुठून गेली, कुठे गेली, कधी गेली, हा तपशीलही जपायचा. पोचपावती डिलीट करू नका!

कोर्टात पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ लागतं. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. एक आकडा बदलला तरी हॅश बदलते, हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको.

आता आपल्या कामाचं. नव्या ज्युनिअरला साहेब सहज म्हणतात, "माझा पासवर्ड घे, भरून टाक." डिजिटल सहीची 'की' दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणं ही कलम ४२ प्रमाणे सही ज्याची त्याची जबाबदारी. आणि दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला, तर कलम ६६-सी : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. तेव्हा आकडे आपण भरावेत, पण तपासून पाठवायचं काम ज्याचं नाव आहे त्यानेच करावं.

आणि रीडिंग मर्यादेबाहेर गेलं तर? फॉर्म ५ मध्येच मानकापेक्षा किती टक्के फरक पडला आणि का पडला, हे लिहायला रकाना दिलाय. खरं लिहायची सोय कायद्यानेच केलीय. ग्राफ जुळवायची आपली सवय मात्र जर्नलपुरतीसुद्धा नको, कारण त्या नाल्याचं पाणी पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरतं.