अभ्यासिकेत सिंह कशाला?

प्रश्न : लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका जुन्या तैलचित्रात संत जेरोम लाल झगा घालून वाचत बसलेत आणि मागे चक्क सिंह फिरतोय. हे त्यांचे वाहन का? की सिंह खरेच पाळला होता?

उत्तर : मेसिनाच्या आन्तोनेल्लोने १४७५च्या सुमारास रंगवलेले हे चित्र. सिंह वाहन नव्हे, पण तुमचा तर्क अगदीच वाया गेलेला नाही. उंदीर दिसला की मूर्ती गणपतीची, हे आपण सोंड न बघताही सांगतो. युरोपातही जुन्या संतांचे खरे चेहरे कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून खुणा ठरून गेल्या : मोडके चाक म्हणजे कॅथरिन, अंगात रुतलेले बाण म्हणजे सेबास्टियन आणि सिंह म्हणजे जेरोम.

खूण पडली ती एका कथेमुळे. बेथलेहेमच्या मठात एक सिंह लंगडत आला. बाकीचे साधू पळाले, जेरोमनी मात्र त्याच्या जखमी पंजावर उपचार करवले. सिंह मठातच राहिला आणि लाकडे वाहणाऱ्या गाढवाची राखण त्याच्याकडे आली. एकदा त्याचा डोळा लागला, तेवढ्यात व्यापाऱ्यांनी गाढव पळवले. आळ अर्थातच सिंहावर! मग लाकडेही त्यानेच वाहिली आणि पुढे गाढवही त्यानेच शोधून आणले. गंमत म्हणजे ही कथा मुळात जॉर्डन नदीकाठच्या गेरासिमुस नावाच्या साधूची. जेरोमचे लॅटिन नाव हिएरोनिमुस, ते गेरोनिमुस असेही लिहीत. नावांची गफलत झाली आणि सिंहाने मालक बदलला.

लाल झग्याचेही तसेच. तो कार्डिनलचा, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूचा वेश, मागच्या बाकावर लाल टोपीही आहे. पण जेरोम वारले ४२० मध्ये आणि कार्डिनलना लाल टोपी मिळाली १२४५ मध्ये. जेरोम पोप दमासस यांचे चिटणीस होते, एवढ्यावर पुढच्या पिढ्यांनी त्यांना बढती देऊन टाकली.

माझ्या मते आन्तोनेल्लोचा जीव सिंहापेक्षा घरगुती वस्तूंत जास्त रमला आहे. सिंहाला त्याने उजवीकडच्या कमानींच्या सावलीत ढकलले. उजेडात आहेत कुंड्या, मांजर, अडकवलेला पंचा आणि पायरीपाशी काढलेल्या वहाणा. हे सारे जेमतेम ४६ बाय ३६ सेंटिमीटरच्या फळीवर! तेलामुळेच ते जमले. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग बघता बघता सुकतो, तेलातला बराच वेळ ओला राहतो. त्यामुळे छटा एकमेकींत मिसळता येतात, पातळ थर एकावर एक चढवता येतात आणि गडद सावलीतही सिंह हरवत नाही.

चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवले की हे तंत्र आन्तोनेल्लो फ्लँडर्सला जाऊन तिथल्या यान व्हान आइक या चित्रकाराकडून शिकला. ते जुळत नाही, कारण व्हान आइक १४४१ मध्ये वारला तेव्हा आन्तोनेल्लो दहा-अकरा वर्षांचा पोर असेल. त्याने फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सकडची चित्रे पाहिली असणार ती इटलीतच, नेपल्समध्ये. पण हात इतका तयार की १५२९ मध्ये व्हेनिसला हे चित्र पाहणाऱ्या मार्कान्तोनियो मिकिएलने नोंद केली : काही जण याला आन्तोनेल्लोचे म्हणतात, तर काही व्हान आइकचे किंवा मेमलिंग या दुसऱ्या फ्लेमिश चित्रकाराचे.