उंबराचे फूल

जो मनुष्य क्वचित दृष्टीस पडतो त्यास आपण उंबराचे फूल म्हणतो. कारण उंबरास फूल आलेले कोणी पाहत नाही. फळ फोडावे तर आत किडे दिसतात, म्हणून पुष्कळ जण ते टाकून देतात. ह्या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकच आहे.

उंबर हे वड, पिंपळ व अंजीर ह्यांच्या कुळातले झाड होय. ते सह्याद्रीच्या रानांत ओढ्याकाठी वाढते, तसेच उत्तर ऑस्ट्रेलियातही आढळते. ज्यास आपण फळ म्हणतो ती वस्तुतः एक मिटलेली पिशवी असून बारीक फुले तिच्या आतल्या अंगास असतात. गांधीलमाशीच्या वर्गातील, सुमारे २ मिलिमीटर लांबीची एक मादी पिशवीच्या तोंडाच्या छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख मोडतात. ती आणलेले पराग फुलांस लावते, काही फुलांत अंडी घालते व तेथेच मरते. पुढे त्यांतून निघालेले बिनपंखी नर फळास भोक पाडतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन उडून जातात. एकदोन दिवसांच्या आयुष्यात त्यांस दुसरे फळ गाठावयाचे असते. तेव्हा हे किडे म्हणजे सड नव्हे. त्यांच्यावाचून झाडास बी धरत नाही, व झाडावाचून त्यांचा वंश राहत नाही.

जक्कय ज्यावर चढला व आमोस ज्याची निगा राखी, ते उंबर निराळ्या जातीचे. मिसर देशात त्या जातीचा कीटक नसल्यामुळे लोक प्राचीन काळापासून कच्च्या फळास चीर पाडीत, आणि त्याने ते पिकत असे.

आपल्या उंबराचे पिकलेले फळ फोडून, किडे झटकून, धुऊन खावे. कोवळ्या फळांची भाजी होते. दुष्काळात गरीब लोक सुकी फळे दळून पिठात मिसळीत.

कोणी विचारतात, शेजारी ह्या झाडाची पूजा करितात, तर विश्वासणाऱ्याने ते तोडावे काय? आमचे उत्तर असे की, तोडू नये. झाड निर्माणकर्त्याचे आहे, आणि पाखरे, वटवाघळे व वानरे त्यावर पोट भरतात. जळणासाठी एक उंबर पाडले, तर त्या लहानग्या माद्यांचा पुढचा मुक्कामच नाहीसा होतो.

उपदेशकांनी ह्या आठवड्यात एक फळ मुलांसमोर फोडावे, व आतले फूल त्यांस दाखवावे.