उलटलेली खोली : प्रतिमादुरुस्ती आणि मटियाबुर्जचा राजा

परक्याच्या लेखनातील एखाद्या समाजाची प्रतिमा 'विकृत' आहे, असे तौलनिक साहित्याचे अभ्यासक सहज म्हणून जातात. ती विकृती कोठे उद्भवते आणि कशी दूर करावी, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. या बाबतीत प्रकाशशास्त्रातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल.

चश्म्याविना त्रिमित चित्र दाखविण्याची एक पद्धत गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्ये मांडली. सूक्ष्म भिंगांच्या पटामागे छायाचित्रणाची काच ठेवली, की प्रत्येक भिंग त्याच दृश्याचे किंचित निराळ्या जागेवरून लघुचित्र टिपते. पुढे त्याच मार्गाने प्रकाश उलट सोडला असता वस्तू मूळ जागी उभी राहिल्याचा भास होतो. परंतु भिंगांनी वस्तू जिकडून पाहिली, त्याच्या विरुद्ध बाजूस प्रेक्षक असतो. त्यामुळे जवळचे दूर जाते, दूरचे पुढे येते, खोलीच उलटते.

संपूर्ण पट फिरवून हा दोष जात नाही. दृश्य तेवढे फिरते, खोली उलटीच राहते. उलटलेल्या प्रतिमेचेच पुन्हा चित्रण करावे, असा उपाय हर्बर्ट आइव्ज यांनी १९३१ मध्ये सुचविला. आता संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक लघुचित्र स्वतःच्या केंद्राभोवती १८० अंशांनी फिरवूनही खोली सुलट करता येते.

आता वाजिद अली शाह यांची प्रतिमा पाहू. १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर ते कलकत्त्यास आले आणि १८८७ मध्ये निधन पावेपर्यंत गार्डन रीच परिसरातील मटियाबुर्ज हेच त्यांचे निवासस्थान राहिले. १८५७ च्या उठावात त्यांना फोर्ट विल्यममध्ये कैदही घडली. लखनौचे रेसिडेंट स्लीमन यांच्या १८५८ मध्ये प्रकाशित झालेल्या प्रवासवृत्तात दरबारातील गवय्ये अगदी पुढे दिसतात. अवधचा सुमारे निम्मा मुलूख कंपनीस देणारा १८०१ चा तह मात्र पार मागे पडतो. मराठीतील 'नबाबी' या शब्दाच्या अर्थच्छटेतही हीच उलट खोली मुरली आहे.

यावर 'विलासी' राजाला 'कलावंत' ठरविणे म्हणजे सबंध पट फिरविणे होय. स्तुती निंदेच्या जागी येते, तह मागेच राहतो. त्याऐवजी प्रत्येक लेख त्याच्या स्वतःच्या केंद्राभोवती फिरवून वाचावा लागेल : स्लीमन यांचे वृत्त कंपनीच्या अधिकाऱ्याचे निरीक्षण म्हणून, स्वतः राजाची 'हुज़्न-ए-अख़्तर' ही मसनवी तिच्या शोकपर काव्यप्रकाराच्या संकेतांसह, आणि अब्दुल हलीम शरर यांचे मटियाबुर्जवर्णन तेथे बालपण घालविलेल्या लेखकाची उत्तरकालीन स्मृती म्हणून.

या दृष्टान्तास अर्थातच मर्यादा आहेत. लिपमान यांच्या पटावर दृष्टिस्थाने वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा तपशील घटतो, आणि साहित्याभ्यासातही ही किंमत मोजावी लागते. तथापि तिच्या मोबदल्यात राजाच्या गाण्याइतकाच त्याचा गेलेला मुलूखही आपापल्या अंतरावर दिसू लागेल.