सुट्टीचा प्रवास : पास परवडतो की सुटी तिकिटे?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की दुकानात कापड पाहता पाहता गिऱ्हाइके प्रवासाचा हिशेबही विचारतात. गेल्या सुट्टीपूर्वी सिद्धेश्वरचा एक तरुण आला. आई, बायको आणि तो स्वतः, असे तिघे. वर्षभर पैसा साठवून आईला अजमेरची जियारत घडवायची होती. कोणीतरी त्याला सांगितले होते, "एकच गोल तिकीट काढ. दिल्ली, आग्रा, हैदराबाद सगळे त्यातच होते आणि स्वस्त पडते." तो म्हणाला, "चाचा, काढू का?" मी म्हणालो, "बेटा, आधी कागद-पेन्सिल घे." तोच हिशेब वाचक बंधू-भगिनींसाठी येथे मांडत आहे.

आमच्या धंद्यात पूर्ण ताका घेतला की मीटरमागे दर कमी पडतो. परंतु ताक्यातले दहा मीटर अंगावर पडले तर तो स्वस्त दर महागात जातो. प्रवासाच्या पासाचेही तसेच आहे. कमी दर आणि कमी खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

प्रथम रेल्वेत काय मिळते ते पाहू. विदेशी पाहुणे व अनिवासी भारतीयांसाठी इंडरेल पास असे, तो आता मिळत नाही. मासिक पास रोज ये-जा करणाऱ्यांसाठी असतो व तो १५० किलोमीटरपर्यंतच निघतो. सुट्टीच्या लांब प्रवासाला त्याचा उपयोग नाही. मग उरतात दोन मार्ग : चक्राकार प्रवास तिकीट आणि साधे तिकीट.

चक्राकार तिकिटाचा प्रवास जेथून सुरू होतो तेथेच संपतो व वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. त्याचा फायदा कशात आहे, हे समजून घ्यावे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे उतरत जाते. तुकड्या-तुकड्यांची तिकिटे काढली तर दर वेळी सुरुवातीचा चढा दर पडतो. चक्राकार तिकिटात एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून दोन लांब प्रवासांचे भाडे लावतात. म्हणून ते स्वस्त पडते. मात्र त्यासाठी मार्ग ठरवून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो व प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते. तिकीट हाती आले म्हणजे बर्थ मिळाला, असे नव्हे.

साध्या तिकिटातही एक सोय आहे. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे असेल तर वाटेत एकदा आणि १,००० पेक्षा जास्त असेल तर दोनदा उतरून मुक्काम करता येतो. पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस सोडून तो दोन दिवसांचा असतो. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सोय नाही. पुढच्या टप्प्याचे आरक्षण हवे असेल तर खिडकीवर तिकीट काढतानाच तसे सांगावे.

आता त्या तरुणाचा हिशेब. सिद्धेश्वरला रेल्वे नाही. औंढ्यावरून हिंगोलीला एस.टी.ने जावे लागते. हिंगोलीहून अकोला, भोपाळ, अजमेर, मग दिल्ली, आग्रा, नागपूर, सिकंदराबाद, नांदेड आणि पूर्णेवरून परत हिंगोली, असे चक्र होते. समजा, माणशी सुट्या तिकिटांचे १,८०० रुपये, चक्राकार तिकिटाचे १,३५० आणि फक्त अजमेरला जाऊन येण्याचे १,१०० होतात. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. चालू दर खिडकीवर पाहावेत.) तिघांचे अनुक्रमे ५,४००, ४,०५० आणि ३,३०० झाले. सुट्या तिकिटांपेक्षा चक्रात १,३५० वाचले खरे. परंतु नुसत्या अजमेरपेक्षा ७५० जास्त गेले आणि आणखी तीन शहरांतले राहणे, जेवण व रिक्षा वेगळी.

मी विचारले, "आईला काय पाहायचे आहे?" तो म्हणाला, "अजमेर." आईचे गुडघे दुखतात हेही त्याने सांगितले. तेव्हा निर्णय सोपा झाला. जाताना मोडून प्रवासाची सोय घेऊन भोपाळला एक दिवस मुक्काम, ताजुल मसाजिद पाहणे, मग अजमेर आणि तेथून परत. वाचलेल्या पैशात आईसाठी खालच्या दर्जाऐवजी एसी डबा झाला. आई आरामात जाऊन आली, अलहम्दुलिल्लाह.

याच तरुणाला चारही शहरांत खरोखर काम असते, तर मी त्याला चक्राकार तिकीटच घ्यायला सांगितले असते.

राज्यातल्या राज्यात फिरायचे तर एस.टी.चा "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. येथेही घाई करू नये. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. सबब घरातल्या प्रत्येक माणसाची बेरीज वेगळी करावी. सगळ्यांना सरसकट पास घेऊ नये. उलट रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती जुन्या आठवणीने हिशेबात धरू नये.

परदेशातही नियम हाच. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. पूर्वी टोकियोहून ओसाकाला जाऊन येण्यातच तो जवळपास वसूल होई, आता तेवढ्याने होत नाही. म्हणून जुन्या प्रवाशाचा सल्लाही नव्या दराने तपासावा.

थोडक्यात, आधी जायची ठिकाणे लिहा, मग दिवस, मग प्रत्येक टप्प्याचे भाडे. ती बेरीज पासापेक्षा जास्त झाली तरच पास घ्या. पास वसूल व्हावा म्हणून ठिकाणे वाढवणे हा इस्राफ आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा हा कागद त्यापूर्वी तयार ठेवा. गरजेपुरते कापड मोजून घेतले की चिंधी उरत नाही.