मिनी ट्रॅक्टरच्या मागे वजन किती, आणि कुठे?

प्रश्न : संत्र्याच्या बागेसाठी घेतलेल्या मिनी ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला. शेणखताची बकेट उचलली की मागची चाकं जागेवरच फिरतात. टायरमध्ये पाणी भरून भागेल, की मागे वजन टांगावं लागेल?
– एक बागायतदार, वरूड

उत्तर : पाण्याने चाकं पकड घेतील, पण तुमची अर्धीच अडचण सुटेल.

बकेट भरली की पुढचा अ‍ॅक्सल तरफेचा टेकू होतो आणि मागची बाजू उचलली जाते. समजा, खतासह बकेट २५० किलोची आहे, पुढच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर पुढे आहे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १.५ मीटर आहे. मग मागच्या चाकांवरचा २०० किलो भार निघून जातो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर तब्बल ४५० किलो वाढतो. चाक फिरलेलं दिसतं. पुढच्या बेअरिंगवर आणि सीलवर आलेला ताण दिसत नाही.

टायरमधलं पाणी मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतं, पुढचा बोजा तसूभरही हलका करत नाही. उलट २४० किलोचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या ०.८ मीटर मागे टांगलं, तर मागे ३६८ किलो भार पडतो आणि पुढचा १२८ किलोने उतरतो. म्हणून माझं मत टांगलेल्या वजनाला. जोडीला पाणी भरायचंच असेल, तर व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण टायर भरा. थंड देशांत ते गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालतात. वरुडात त्याची गरज नाही.

हे वजन गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनतं. २०० लिटरचा, झाकण निघणारा लोखंडी ड्रम घ्या. तो पूर्ण भरला तर काँक्रीट ४८० किलोच्या घरात जाईल. अर्धा पुरे, त्याला एक पोतं सिमेंट पुरून उरतं. भरण्याआधी ड्रममधून आरपार भरीव सळई घाला, तिलाच टॉप लिंकचा उभा सांगाडा वेल्ड करा आणि मग काँक्रीट ओता. ड्रमच्या पत्र्याला हुक वेल्ड करू नका, पत्रा फाटतो. लोअर लिंकमधलं अंतर मात्र आधी मोजा : ड्रम साठेक सेंटिमीटर रुंद असतो, लिंकेज त्याहून अरुंद असेल तर पत्र्याची चौकोनी पेटी करून घ्या. आठवडाभर पाणी मारल्याशिवाय उचलू नका.

जितकं जड तितकं बरं, हा समज सोडा. पुस्तिकेत दिलेली लिफ्टची क्षमता ही मर्यादा. शिवाय संत्र्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात. ओल्या काळ्या जमिनीत विनाकारण जास्त वजन फिरवलं की माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. खत टाकून झालं की वजन उतरवा, फवारणीला ते नको.

आणि वजन तयार होईपर्यंत बकेट अर्धीच भरा, जमिनीलगत ठेवून चालवा. मागे माणूस उभा करून तोल सांभाळण्याचा प्रकार कृपा करून करू नका.