सिंधुदुर्गाच्या सहलीचा बेत

कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या बेल्लमपल्लीपासून समुद्र फार दूर. म्हणून सुट्टीत मालवणास जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम नकाशा उघडावा. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावर उतरून मोटारीने मालवण गाठता येते. हा प्रवास लांबचा खरा, पण अवघड नव्हे. अवघड आहे ते शेवटचे थोडेसे पाणी!

मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे बांधकाम आरंभिले. १६६७ साली ते पुरे झाले. तेथे होडीनेच जावे लागते आणि पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या बंद होतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत असल्यास मेच्या अखेरीवर ढकलू नये. दिवाळीची सुट्टी त्याहून बरी. मुक्काम मालवणात ठेवून सकाळीच किल्ल्यावर जावे.

नागमोडी तट, जवळ जाईपर्यंत न दिसणारा महादरवाजा, राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वर मंदिर हे सारे पाहावेच. पण मला विशेष वाटते ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! ते नसते तर एवढ्या भक्कम तटाआड शिबंदी किती दिवस तग धरती? किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना गलका करू नये, विहिरीत काहीही टाकू नये आणि परतीच्या होडीची वेळ उतरतानाच नावाड्यास विचारून ठेवावी.